मामांना कळलं तरच सही

सर कुणाच्याही प्रोजेक्टवर सुखासुखी सही करायचे नाहीत. करायचे ती माझ्यामुळं करायचे. एवढे डिग्रीवाले कॉलेजात असताना शेवटच्या वर्षाच्या पोरांचं काम पुढं जायचं का नाही, ते सातवी शिकलेला एक शिपाई ठरवायचा. तो शिपाई मी.

पोरं फाइल घेऊन आली की सर मान वर न करता विचारायचे, "मामांना सांगितलंत?"

"सर, मामांना काय सांगायचं?"

"जे केलं आहेत ते. मामांना कळलं तर सही करतो. त्यांना कळलं नाही, तर तुम्हालाच कळलेलं नाही."

मग ती पोरं माझ्या स्टुलासमोर उभी राहायची. निम्मं इंग्रजीत, निम्मं हिंदीत काहीतरी पुटपुटायची. मी म्हणायचो, "बाळा, मराठीत." मराठीत आलं की लगेच कळायचं, कुणाच्या डोक्यात उजेड आहे आणि कुणी नुसतं पाठ केलंय. मला आधी वाटायचं, हा माणूस माझी चेष्टा करतोय. एकदा तोंडावर विचारलं, "सर, माझा पोरखेळ लावलाय का?"

त्यांनी चष्मा काढला. "मामा, या इमारतीत न कळल्यावर 'नाही कळलं' असं म्हणणारा तुमच्याशिवाय दुसरा कोण आहे? असला तर दाखवा, त्याच्याकडे पाठवतो."

आयुष्यात मला एवढी किंमत कुणी दिली नाही. आणि मी त्याची परतफेड कशी केली, ते सांगायला हा कागद घेतलाय. आमची ही जाऊन चार महिने झाले. दुपार सरत नाही, म्हणून लिहितोय असं म्हणलो तर सर म्हणतील, ही सबब झाली.

हा त्यांचा नेहमीचा शब्द. पोरगं उशिरा आलं की म्हणायचे, "कारण सांगा, सबब सांगू नका." एकानं विचारलं, सर, फरक काय? म्हणाले, "जे घडलं ते कारण. ज्याच्यामागे आपण लपतो ती सबब. नगर रोडला ट्रक आडवा होता हे कारण. तो रोजच आडवा असतो, म्हणून मी रोज उशिरा निघतो, ही सबब."

वाघोलीचं ते कॉलेज आमच्या भावकीच्या माळावर उभं आहे. जमीन गेली तेव्हा घरातल्या एकाला नोकरी देतो म्हणाले, तो एक मी. पण नोकरी हंगामी. दर जूनला नवा कागद यायचा, तो आला तर घर चालणार. सरही तसेच, हंगामी. जून लागला की आम्ही दोघं ऑफिसच्या दारातल्या यादीत आपापलं नाव शोधायचो. एवढ्या एका बाबतीत ते आणि मी सारखे.

बाकी त्यांचं सगळं निराळं. कर्वेनगरहून सगळं पुणं ओलांडून मोपेडवर यायचे, ते भर एप्रिलात रेनकोट घालून. कुणी हसलं तर म्हणायचे, "धुळीसाठी वेगळा कोट मिळत असेल तर दुकान सांगा." हेल्मेट तेव्हा पुण्यात कोण घालत होतं? हे घालायचे, वर दुसरं एक हँडलला लटकवायचे, कुणी लिफ्ट मागितली तर असावं म्हणून. तो अवतार बघून लिफ्ट मागायची कुणाची छाती नव्हती. दुसरं हेल्मेट नवंच्या नवं राहिलं.

लॅबमधलं यंत्र बिघडलं की बाकीचे मास्तर ते कपाटामागं ढकलायचे. सर त्याच्यावर चिठ्ठी चिकटवायचे: 'हे बंद आहे. कारण माहीत नाही. शोधत आहे.' खाली तारीख. कारण सापडलं की त्या चिठ्ठीवर तेही लिहायचे, मग स्वतःची चूक असली तरी. एका मीटरवर कितीतरी दिवस लटकत होतं: 'मी उलटी वायर जोडली. लाज वाटते. दुरुस्त केले.' विद्यार्थी वाचायचे, हसायचे. सर म्हणायचे, "हसा. पण तुम्ही जोडाल तेव्हा सुलटी जोडाल."

त्या दिवसांत सगळ्यांना आयटीत जायचं होतं आणि प्रोजेक्ट करायला कुणाला वेळ नव्हता. बुधवार पेठेत तयार प्रोजेक्ट मिळायचे, डब्यात घातलेले, वर फाइल फुकट. बाकीचे गाइड ते चालवून घ्यायचे. एकदा एका टोळीनं तसाच डबा सरांपुढं ठेवला. सरांनी खिशातनं पेचकस काढला, डबा उघडला, आतली सर्किटची पट्टी उलटी केली. खाली दुसऱ्या कॉलेजाचं नाव आणि गेल्या सालचा आकडा.

"अभिनंदन," सर म्हणाले, "गेल्या वर्षी तुम्ही दुसरीकडे पास झालात. आता परत इथे कशाला तसदी घेता?"

त्या टोळीत एका ट्रस्टीचा भाचा होता. प्राचार्यांनी सरांना बोलावलं, समजावलं, मग दटावलं. सर फक्त म्हणाले, "मामांना कळलं नाही." प्राचार्य तेव्हापासून त्यांच्या पाळतीवर होते. हे मला ठाऊक होतं. पुढचं वाचताना हे ध्यानात ठेवा.

त्याच्या पुढच्या सालची गोष्ट. चार जणांची एक टोळी सरांच्या वाट्याला आली. त्यातली यवतमाळकडची एक पोरगी सगळ्यांत हुशार. त्यांना असा कॅमेरा करायचा होता, जो एका वस्तूवर नजर ठेवील, आणि ती वस्तू जिकडं जाईल तिकडं आपण होऊन मान वळवील. नारळाच्या करवंटीएवढा तो कॅमेरा एका मोटरवर बसवलेला, तिथून कॉम्प्युटरला वायर. सर म्हणाले, "मामांना सांगा."

पोरगी माझ्यापुढं आली. "मामा, जत्रेत काकू हरवल्या तर तुम्ही कशा शोधता?"

"तिचं लाल पातळ बघतो."

"बस, तेच करून राहिलं हे. कॅमेऱ्याले जे दिसते त्यात लाल कुठी आहे ते कॉम्प्युटर पाहते. लाल डावीकडं असलं तर मोटरले म्हणते, डावीकडं वळ. लाल मधात आलं की थांब."

"आणि दोन लाल दिसली तर?"

ती फाइल चाळायला लागली. सर तिकडून म्हणाले, "सही नाही. मामांनी विचारलं त्याचं उत्तर आणा."

महिनाभर ती चौघं त्या दोन लालांच्या मागं लागली. मी रोज लाल चेंडू काठीला बांधून लॅबमध्ये येरझाऱ्या घालायचो. सर म्हणायचे, "मामा, चाला. मामा, थांबा. आता बसा." आणि ते यंत्र माझ्याकडं बघत राहायचं. पोरं त्याला घुबड म्हणायची, कारण ते तशीच मान फिरवायचं. मला ते नाव आवडलं नव्हतं. घुबड अशुभ. पण सरांना भारी आवडलं होतं. त्यांनी त्याच्यावर चिठ्ठी लावली: 'घुबड. चालू आहे. कारण अजून पूर्ण माहीत नाही.'

घरी येऊन हिला सांगितलं, मशीन दिवसभर माझ्याकडं बघतंय. ही म्हणाली, "तुमच्याकडं? चष्मा लागंल त्याला."

एक दिवस मी डबा विसरलो, तर ही तो घेऊन थेट लॅबमध्ये आली. अंगावर लाल इरकल. घुबडानं चेंडू सोडला आणि मान वळवून हिच्याकडं बघायला लागलं. ही दारात थबकली, तेही थांबलं. ही चार पावलं आत आली, तेही वळलं. पोरं ओरडायला लागली, "काकू, बाजूला व्हा ना, काकू!" हिनं पदर डोक्यावरनं घेतला आणि म्हणाली, "आवं, ह्याला सांगा, मी लग्नाची हाय."

सर हसले. तेवढ्या वर्षांत मी त्यांना तेव्हाच खळखळून हसताना बघितलं. त्यांनी हिला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाले, "वहिनी, चूक सापडली. तुमच्यामुळे." मग पोरांना सांगितलं, मोठं लाल धाकट्या लालाला खातं आहे, परीक्षेला आता दहाच दिवस, तोवर पूर्ण दुरुस्त होणार नाही, तेव्हा निदान खोलीत दुसरं लाल काही असता कामा नये. आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "मामा, हे तुमच्यावर. त्या दिवशी खोलीत चेंडू सोडून काहीही लाल नको. आणि घुबडाच्या डोळ्याला कुणी हात लावायचा नाही."

त्या चौघांना हिंजवडीतल्या एका कंपनीनं घेतलं होतं. कागद हातात होते, पण पास झाले तरच. पोरीच्या बापानं गावात पेढे वाटून टाकले होते.

परीक्षेच्या दिवशी मी सकाळी लवकर गेलो. आग विझवायच्या चारही लाल बादल्या बाहेर काढल्या. भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, त्याच्यात रविवार लाल होते. लाल पाठीची एक फाइल होती, ती कपाटात कोंडली. फळ्याजवळचा लाल खडूसुद्धा खिशात घातला. एवढा मी काटेकोर.

मग मी घुबडासमोर उभा राहिलो. आमच्याकडं दसऱ्याला वर्कशॉपातल्या प्रत्येक मशीनला हळद-कुंकू लागतं, लेथला, ड्रिलला, अगदी पान्यालासुद्धा. हे बिचारं दसऱ्यानंतर जन्मलं. त्यात नाव घुबड. चार पोरांचं नशीब त्याच्यावर, आणि कुणी त्याला साधा हात जोडलेला नाही. मला ते बघवेना. घरनं निघताना हिच्या करंड्यातलं चिमूटभर कुंकू मी कागदात बांधून आणलं होतं. ते बोटभर पाण्यात कालवलं आणि घुबडाच्या कपाळाला, डोळ्याच्या जरा वर, लावलं. हात जोडले.

तुम्ही म्हणाल, लाल खडूसुद्धा खिशात घालणाऱ्याला कुंकू लाल असतं हे कळलं नाही? नाही कळलं. शपथेवर सांगतो. कुंकू मला लाल वाटलंच नाही. बादली लाल, खडू लाल. कुंकू म्हणजे कुंकू.

तेवढ्यात बाहेर मोपेडचा आवाज आला. सरांना असलं काही खपायचं नाही, आणि डोळ्याला हात लावू नका म्हणून बजावलेलं. मी घाबरलो. खांद्यावरच्या फडक्यानं ते घाईघाईत पुसलं. वरवर बघितलं, गेल्यासारखं वाटलं. सर आत आले, चौफेर बघून म्हणाले, "शाबास मामा. रविवारसुद्धा घालवलेत."

परीक्षक आले. प्राचार्यही आले, ते कधी यायचे नाहीत. पोरीनं बटण दाबलं. मी चेंडू घेऊन उजवीकडं चाललो. घुबड डावीकडं वळलं. मी थांबलो, ते वळतच राहिलं. पोरीनं किती बटणं दाबली, पण त्याचं तोंड माझ्याकडं फिरेना. गरगर, गरगर. वायर त्याच्या मानेला गुंडाळत गेली, ताणली आणि तटकन तुटली. खालच्या पट्टीतनं धूर आला. जळक्याचा वास सुटला. पोरगी तोंडावर हात ठेवून उभी.

सर पुढं झाले. खाली वाकून घुबडाच्या डोळ्यात बघितलं. डाव्या बाजूच्या काचेवरनं अंगठा फिरवला आणि अंगठा उजेडात धरला. अंगठा लाल.

काय झालं ते मला त्या क्षणी कळलं, आणि कुणी मराठीत समजावून सांगायची गरज पडली नाही. पुसताना कुंकू काचेच्या कडेला पसरलं होतं. त्याला लाल डावीकडं दिसत होतं, म्हणून ते डावीकडं वळत होतं. पण लाल त्याच्याबरोबरच फिरत होतं. मधात कसं येणार?

सरांनी मान वर केली आणि माझ्याकडं बघितलं. मग माझ्या खांद्यावरच्या फडक्याकडं. मी फडकं मुठीत गोळा केलं. सरांनी अंगठा खिशात घातला.

"दोष माझा," ते परीक्षकांना म्हणाले. "आज सकाळी मी यात एक बदल केला. यांना न विचारता. यांचं काम बरोबर आहे, तोंडी काय हवं ते विचारा."

प्राचार्य म्हणाले, "म्हणजे गाइडनंच प्रोजेक्ट मोडला म्हणायचा."

"म्हणा," सर म्हणाले.

परीक्षक भला माणूस. त्यानं पोरांना घोळवून घोळवून विचारलं, आणि त्या पोरीनं रडत रडत सगळं बरोबर सांगितलं. चौघं पास झाली. हिंजवडीला गेली. सर अडकले ते अडकलेच. प्राचार्यांनी लेखी मागितलं आणि सरांनी लेखी दिलं, की चूक माझी. कारण काय, ते मात्र लिहिलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कारणाची जागा मोकळी सोडली.

त्या दिवशी घरी येऊन मी हिला सगळं सांगितलं. ही परातीत हात तसाच ठेवून ऐकत होती. म्हणाली, "उद्या जावा आन् सांगा. सरांना सांगा, मोठ्या साहेबांनाबी सांगा. नोकरी गेली तर जाऊ द्या. मी खुरपायला जाईन."

दुसऱ्या दिवशी मी लॅबच्या दारात उभा राहिलो. सर जळकी पट्टी सोडवत होते. वर न बघता म्हणाले, "मामा, काही सांगायचंय?"

मी म्हणालो, "चहा आणू का?"

पट्टी खाली ठेवून ते म्हणाले, "आणा."

एवढंच. घरी आल्यावर हिनं विचारलं, सांगितलं का? मी म्हणालो, सांगितलं. काय म्हणले? मी म्हणालो, काही नाही, हसले. त्या दिवशी हिनं माझ्यासाठी शेंगोळे केले. ताटात वाढताना म्हणाली, "मला वाटलं हुतं, तुम्ही कच खाल." मी दोनदा मागून घेतले.

जून आला. ऑफिसच्या दारात यादी लागली. सरांचं नाव नव्हतं. माझं नाव पण यादीत नव्हतं, कारण मला कायम केल्याचा कागद वेगळा आला होता.

सर गेले तेव्हा दुसरं हेल्मेट माझ्या स्टुलावर ठेवून गेले. चिठ्ठी होती: 'न वापरलेले. चालू आहे.' मी ते माळ्यावर टाकलं. रिटायर होईपर्यंत लॅबच्या किल्ल्या माझ्याकडं होत्या. नवे मास्तर आले. सही करायच्या आधी मला कुणी काही विचारलं नाही.

हिच्या दहाव्यानंतर दोन दिवसांनी दारात मोपेड थांबली. रेनकोट तोच वाटला, आतला माणूस वाळलेला. ही गेल्याचं कोण सांगायला गेलं असेल, असं मनात आलं. मी खुर्ची दिली. ते बसले, हिच्या फोटोकडं बघितलं. फोटोत ही लाल इरकल नेसलेली, कपाळाला ठसठशीत कुंकू.

मला वाटलं, आता नाही तर कधीच नाही. मी तोंड उघडलं.

"सर, त्या दिवशी घुबडाला कुंकू लागलं ते..."

"हं."

आणि मी म्हणालो, "हिनंच दिलं होतं. मी नको म्हणत होतो. ही ऐकेना. बायकांचं देव-देव. मी काय करणार?"

शब्द तोंडातनं गेले ते गेले. कुठनं आले मला माहीत नाही. इतकी वर्षं घोकलेलं वाक्य ते नव्हतंच. फोटोला हार होता, उदबत्ती चालू होती, आणि मी जिच्या जिवावर माणूस म्हणून जगलो तिच्या माथी ते मारून मोकळा झालो.

सरांनी चष्मा काढला.

"वहिनी दर संक्रांतीला आमच्याकडे यायच्या," ते म्हणाले. "त्यांची बहीण कर्वेनगरलाच ना? तिच्याकडचं हळदीकुंकू झालं की आमच्याकडे. आईला वाण द्यायच्या, मला तिळगूळ. आणि दर वर्षी तेच म्हणायच्या. 'आमच्या ह्यांनी येऊन खरं सांगितलं, तुम्ही एका शब्दानं बोलला नाहीत, तुमचे उपकार हायेत.'"

मला बहिणीकडं जाते एवढंच ठाऊक होतं. मी विचारलं, "मग तुम्ही काय म्हणायचा?"

"मी म्हणायचो, हो, सांगितलं."

उदबत्तीची राख पडली. सर हेल्मेट उचलतील, रेनकोटची बटणं लावतील आणि जातील असं मला वाटलं. जावेत, असंच वाटलं. पण ते उठले नाहीत. त्यांनी खुर्ची पुढं ओढली आणि माझ्यासमोर बसले, जसा मी पोरांसमोर बसायचो तसे.

"मामा," ते म्हणाले, "मला नाही कळलं. पुन्हा सांगा."

मी फोटोकडं बघितलं. मग सरांकडं.

"त्या दिवशी मी करंड्यातलं कुंकू घेतलं तेव्हा ही चुलीपुढं होती," मी म्हणालो. "भाकऱ्या थापत होती. तिची पाठ माझ्याकडं होती."